कै. गोपाळ गणेश आगरकर आणि सृष्टीच्या उत्पत्तीचा वाद

सातारा जिल्ह्यांत कऱ्हाडानजीक कृष्णेच्या कांठीं टेंभू नांवाचें खेडें आहे. खानापूर, आटपाडी व सांगोला या दुष्काळी तालुक्यांतील आमच्या वाचकांस तें नांव उपसा सिंचनाच्या पाण्यामुळें परिचयाचें झालें आहे. त्याच खेड्यांत १४ जुलै १८५६ रोजीं एका गरीब ब्राह्मण कुटुंबांत गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म झाला. ईश्वर आहे किंवा नाहीं हें मनुष्याच्या बुद्धीस कळणें शक्य नाहीं, असें मानणाऱ्या या गृहस्थाचें चरित्र आपल्या पत्रांत कां यावें, असें कित्येक उपदेशक बंधु विचारतील. कारण एवढेंच कीं, मनुष्य कोठून आला याविषयीं शाळेंत मुलांस काय शिकवावें हा प्रश्न गेल्या कांहीं वर्षांत आपल्या देशांत पुन्हा निघाला. आणि मराठी मुलखांत या जातीच्या प्रश्नांनीं ज्या पुणें शहरांत मोठी खळबळ उडविली, तेथें हा मनुष्य त्या खळबळीच्या ऐन मध्यभागीं उभा होता.

घरची स्थिति फार हलाखीची होती. शिक्षणासाठीं त्यांस आजोळीं कऱ्हाडास राहावें लागलें. तेथें मराठी व थोडें इंग्रजी शिकून झाल्यावर त्यांनीं कचेरींत कांहीं दिवस उमेदवारी केली. परंतु कारकुनींत मन रमेना. पुढील विद्या मिळावी म्हणून ते पायीं रत्नागिरीस गेले. घाट उतरून कोंकणांत पायीं जाणें म्हणजे काय, हें आमच्या सह्याद्रीकडील वाचकांस सांगावयास नको. तेथेंही नीट बस्तान बसलें नाहीं, तेव्हां अखेरीस वऱ्हाडांत अकोल्यास नातलगांच्या आश्रयानें ते हायस्कुलांत शिकूं लागले. तेथील हेडमास्तर विष्णु मोरेश्वर महाजनी यांनीं या मुलाचें पाणी ओळखलें. वऱ्हाड समाचार पत्रांत मजकूर लिहून चार पैसे मिळवावे, ते शिक्षणास लावावे, असा क्रम ठेवून ते मॅट्रिकची परीक्षा उतरले आणि १८७५ सालच्या सुमारास पुण्यास डेक्कन कॉलेजांत दाखल झाले.

कॉलेजांत असतांना त्यांच्यापाशीं अंगांत घालावयास एकच सदरा होता. रात्रीं तो धुवावा, वाळत घालावा आणि सकाळीं तोच अंगांत घालून वर्गांत जाऊन बसावें, असें किती तरी दिवस चाललें. परीक्षेची फी भरण्यास पैसे नाहींत, म्हणून नाटक लिहून तें विकावें असा विचार त्यांनीं केला. ही गोष्ट गणिताचे प्रसिद्ध प्रोफेसर केरो लक्ष्मण छत्रे यांच्या कानीं गेली, तेव्हां त्यांनीं साह्य करून मुलाचा वेळ वांचविला, असें सांगतात. लहानपणापासून दम्याची व्यथाही त्यांच्या मागें लागलेली होती. १८७८ सालीं ते बी. ए. झाले व पुढें एम. ए. झाले. आमच्या बोर्डिंगांतील मुलांस हा भाग मुद्दाम वाचून दाखवावा. पुढील मतांविषयीं मग काय तें बोलतां येईल.

तीं मतें याच कॉलेजांत बनलीं. त्या काळीं मुंबई विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या हातांत मिल्ल व स्पेन्सर या दोघां इंग्रज तत्त्ववेत्त्यांचे ग्रंथ पडत असत. आगरकरांनीं ते नुसते परीक्षेपुरते वाचले नाहींत. ते त्यांच्या अंगीं भिनले. येथें थोडें थांबून तो विचार काय होता हें समजून घेतलें पाहिजे, कारण आमच्या मंडळ्यांत त्याविषयीं पुष्कळ गैरसमज आहेत.

चार्लस डार्विन याचा मुख्य ग्रंथ १८५९ सालीं निघाला. त्यांतील विचार शेतकऱ्यास कठीण नाहीं. आपण जोंधळ्याचीं सर्वांत भरदार कणसें निवडून बियाण्यास ठेवितों. खिलार जनावरें पाळणारा चांगल्या बांध्याचा व चालीचा वळू राखितो, बाकीचे गोऱ्हे बडवून टाकितो. असें पिढ्यान्‌पिढ्या केलें म्हणजे पिकाचें व जनावराचें रूप बदलत जातें. डार्विनाचें म्हणणें असें कीं, जें शेतकरी हातानें करितो तेंच दुष्काळ, थंडी, रोग, शत्रु व अन्नाची टंचाई यांच्या योगानें सृष्टींत आपोआप घडत असतें. एका जातीचे सर्व जीव अगदीं सारखे नसतात. त्यांपैकीं जे परिस्थितीस अधिक अनुकूल, ते अधिक जगतात व त्यांचीच संतति वाढते. लक्षावधि वर्षें हें चाललें म्हणजे एका जातीपासून निराळ्या जाती होतात. मनुष्यही याच नियमाखालीं आला, असें त्यानें १८७१ सालीं स्पष्ट लिहिलें. झाडावरील आजचें माकड म्हणजे आपला आजा, असें मात्र त्यानें कधीं म्हटलें नाहीं. मनुष्य व वानर यांचे फार प्राचीन काळचे पूर्वज एक होते, एवढेंच त्याचें म्हणणें. चावडीवर बसून डार्विनाची थट्टा करणाऱ्यांस हा भेद बहुधा ठाऊक नसतो.

हर्बर्ट स्पेन्सर यानें हाच क्रम समाज, नीति, राज्य व धर्म यांस लावला. साध्यापासून मिश्र, ओबडधोबड रूपापासून सुघटित रूप, असा सर्व वस्तूंचा प्रवास चालतो. आणि त्याच्या पलीकडे जें आदिकारण असेल तें अज्ञेय आहे, असें त्याचें मत. आगरकरांनीं हें मत पत्करलें. सृष्टीच्या उत्पन्नकर्त्याविषयीं होय किंवा नाहीं असें निश्चित सांगण्यास पुरावा नाहीं, म्हणून त्याविषयीं मौन धरावें व मनुष्यजातीचें दुःख कमी होऊन सुख वाढेल तें करावें, हाच त्यांचा सर्व धर्म होऊन बसला. एकदां मनानें असें घेतल्यावर जन्मभर त्यांनीं तें लपविलें नाहीं. ज्या शहरांत तोंडानें सुधारणा व घरांत सर्व जुनेंच, अशी रीत पुष्कळांनीं चालविली होती, तेथें हा सरळपणा महागांत पडला.

डेक्कन कॉलेजांतच त्यांची व बाळ गंगाधर टिळकांची गांठ पडली. आपण सरकारी नोकरी धरावयाची नाहीं, लोकांस शिक्षण देण्यांत आयुष्य घालवावयाचें, असा दोघां मित्रांनीं निश्चय केला. आगरकरांनीं आपल्या मातोश्रींस पत्र लिहून कळविलें कीं, मुलगा मोठ्या परीक्षा देऊन मोठ्या पगारावर चढेल व आपले पांग फेडील ही आशा सोडावी. पोटापुरत्या पैशांवर संतोष मानून सर्व वेळ परहितांत घालविण्याचें आपण ठरविलें आहे. हें पत्र वाचून त्या माउलीस काय वाटलें असेल! ज्या घरांत एका सदऱ्यावर मुलगा शिकला, त्या घरच्या आशेवर हें पाणी होतें. जानेवारी १८८० मध्यें विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व माधवराव नामजोशी यांनीं न्यू इंग्लिश स्कूल काढलें, एम. ए. चा अभ्यास आटोपून आगरकर त्यांस मिळाले. १८८१ च्या जानेवारींत केसरी व मराठा हीं पत्रें निघालीं आणि केसरीचे पहिले संपादक आगरकर झाले.

पुढल्याच वर्षीं कोल्हापूरचे दिवाण रावबहादुर माधवराव बर्वे यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होतो, असें सांगणारीं पत्रें केसरींत छापलीं होतीं. तीं बनावट ठरलीं. टिळक व आगरकर या दोघांस चार महिन्यांची साधी कैद झाली व मुंबईस डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढून ते सुटले. खटल्याच्या वेळीं दहा हजार रुपयांचा जामीन जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक मंडळींपैकीं रामशेट बापूशेट उरवणे यांनीं दिला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. कारण फुल्यांची पुण्याच्या ब्राह्मण पुढाऱ्यांवर किती तीव्र टीका होती हें सर्वांस माहीत आहे. तुरुंगांत आगरकरांनीं शेक्सपिअरच्या हॅम्लेट नाटकाच्या भाषांतराचें काम केलें. तें विकारविलसित या नांवानें १८८३ सालीं प्रसिद्ध झालें. तुरुंगांतल्या दिवसांचें वर्णनही त्यांनीं पुस्तकरूपानें लिहिलें आहे.

ज्या १८८२ सालीं हे दोघे तुरुंगांत होते, त्याच सालच्या एप्रिलांत डार्विन वारला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या मोठ्या ख्रिस्ती मंदिरांत त्याचें शरीर पुरण्यांत आलें. ज्याच्या ग्रंथावर १८६० सालीं ऑक्सफर्ड येथें बिशप विल्बरफोर्स यांनीं भर सभेंत हल्ला केला, त्याच मनुष्याला बावीस वर्षांनीं त्याच चर्चनें आपल्या सर्वांत मानाच्या भूमींत जागा दिली. मधल्या काळांत ख्रिस्ती विद्वानांचें एकमत झालें होतें असें मात्र नाहीं. इंग्लंडांतील पाळक चार्लस किंग्स्ली यांनीं प्रथमपासून डार्विनाचा विचार स्वीकारला. देवानें जीवांस वाढण्याची व बदलण्याची शक्ति देऊन निर्माण केलें, यांत त्याचा महिमा कमी होत नाहीं असें त्यांस वाटे. अमेरिकेंतील वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हे भाविक ख्रिस्ती असून डार्विनाचे तिकडील सर्वांत मोठे कैवारी होते. दुसऱ्या बाजूस, उत्पत्तीच्या पुस्तकांतील सहा दिवस म्हणजे आपले चोवीस तासांचेच दिवस, असा आग्रह धरणारेही तितकेच भाविक होते व आजही आहेत. जुन्या इंग्रजी बायबलांच्या समासांत सृष्टीच्या उत्पत्तीचें साल ख्रिस्तपूर्व ४००४ असें छापलेलें असे. तें गणित सतराव्या शतकांतील आर्चबिशप अशर यांचें. मूळ शास्त्रांत तो आंकडा नाहीं. पण छापलें म्हणून पुष्कळांनीं तोही देवाचाच शब्द मानला. सूर्य चौथ्या दिवशीं झाला तर पहिले तीन दिवस कसे मोजावे, हा विचार तर डार्विनापूर्वीं चौदाशें वर्षें ऑगस्टीन या ख्रिस्ती आचार्यानेंच केला होता.

आतां पुण्याकडे येऊं. त्या १८८२ सालींच विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण कमिशन देशभर फिरत होतें. १८५४ च्या खलित्यापासून सरकारी शाळांत कोणत्याही धर्माचें शिक्षण द्यावयाचें नाहीं, असें धोरण होतें. मिशनऱ्यांस तें आवडत नसे. देवावांचून दिलेली विद्या मुलांस नास्तिक करील अशी त्यांची तक्रार होती, आणि गंमत अशी कीं, पुण्यांतील जुन्या मताचे शास्त्रीपंडित हेंच म्हणत. कमिशनानें तोड काढली ती अशी : सर्व धर्मांस समान अशा मूलतत्त्वांवर एक नीतीचें पुस्तक तयार करून तें सरकारी व खासगी कॉलेजांत शिकवावें. कमिशनाचे सभासद काशीनाथ त्र्यंबक तेलंग यांनीं या शिफारशीविरुद्ध आपली भिन्न मतपत्रिका जोडली. तें पुस्तक कांहीं निघालें नाहीं. सर्वांस चालेल असा देव पुस्तकांत घालूं गेलें म्हणजे तो कोणाचाच राहत नाहीं, असें आम्हांस वाटतें. तेलंगांची कारणें निराळीं होतीं.

१८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व १८८५ च्या आरंभीं फर्ग्युसन कॉलेज निघालें. तेथें आगरकर शिकवूं लागले. सोसायटीच्या आजीव सभासदांस पुढें महिना पंचाहत्तर रुपये मिळत; आगरकरांच्या योग्यतेच्या मनुष्यास याच्या कित्येक पट पगार अन्यत्र सहज मिळाला असता. पण मित्रांमध्यें फूट पडूं लागली होती. बालविवाह, विधवांचे हाल, संमतिवय, स्त्रीशिक्षण अशा प्रत्येक गोष्टींत आगरकर एकीकडे व टिळक दुसरीकडे. १८८७ सालीं आगरकरांनीं केसरी सोडला आणि १८८८ च्या ऑक्टोबरांत स्वतःचें सुधारक पत्र काढलें. त्याची इंग्रजी बाजू तरुण गोपाळ कृष्ण गोखले पाहत.

सुधारकांत त्यांनीं धर्माच्या मुळावरच हात घातला. देवतांची उत्पत्ति कशी झाली यावर त्यांनीं स्पेन्सरास अनुसरून लिहिलें : रानटी मनुष्यास स्वप्नांत मेलेलीं माणसें दिसत, त्यावरून भूतें, भुतांवरून पितर, पितरांवरून देव, अशा क्रमानें देवाची कल्पना हळूहळू वाढत गेली. म्हणजे डार्विनानें जें प्राण्यांविषयीं सांगितलें, तें त्यांनीं देवांविषयीं सांगितलें. सोवळेंओवळें, केशवपन, श्राद्ध, सर्व कांहीं माणसांनीं केव्हां तरी केलेलें आहे, म्हणून माणसांनीं तें बदलावें, असा त्यांचा रोख होता. मुलांमुलींस एकच शिक्षण एकत्र द्यावें, हेंही त्यांनीं तेव्हांच लिहून ठेविलें. असें लिहिणारा मनुष्य कॉलेजांत प्रोफेसर! ज्याच्या हातीं आपलीं मुलें दिलीं तो देव मानीत नाहीं, ही गोष्ट शहरांतील श्रद्धाळू आईबापांस कशी वाटली असेल याची कल्पना आपणांस सहज येईल. आपणही आपलीं मुलें परक्या मताच्या शिक्षकांकडे पाठवितों.

या प्रश्नावर त्या वेळच्या पुण्यांतील देव मानणाऱ्या लोकांतही एकवाक्यता नव्हती, हें पाहण्यासारखें आहे. जोतीराव फुले हे स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले. सर्वांचा निर्माणकर्ता एक आहे अशी त्यांची दृढ श्रद्धा होती. त्याला ते निर्मीक म्हणत. पण ब्रह्मदेवाच्या मुखापासून ब्राह्मण व पायांपासून शूद्र झाले, या उत्पत्तिकथेची त्यांनीं १८७३ च्या गुलामगिरींत साफ रेवडी उडविली. मत्स्य, कच्छ, वराह या अवतारांच्या कथांचा अर्थ त्यांनीं बाहेरून आलेल्या लोकांच्या स्वाऱ्या असा लावला. म्हणजे उत्पत्तीची कथा कोण सांगतो व ती सांगून कोणाला खालीं बसवितो, हा त्यांचा प्रश्न होता. आमच्या मंडळ्यांतील ज्या घरांच्या पूर्वजांस त्याच कथेच्या जोरावर गांवाबाहेर ठेविलें होतें, त्यांस या प्रश्नाचें महत्त्व दुसऱ्या कोणीं शिकविण्याची गरज नाहीं. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे प्रार्थनासमाजाचे. एका देवाची भक्ति ते मनापासून करीत, परंतु कोणताही ग्रंथ अक्षरशः ईश्वरप्रणीत आहे असें मानीत नसल्यामुळें शास्त्रीय शोधांचें भय त्यांस बाळगावें लागलें नाहीं. आगरकरांचे व रानड्यांचे ईश्वराविषयींचे विचार अगदीं भिन्न. तरी सामाजिक सुधारणेच्या कामांत दोघे एका बाजूस होते.

टिळकांचा मार्ग आणखी निराळा. ते श्रद्धावान हिंदु, तरी पाश्चात्य शास्त्रें त्यांनीं टाकून दिलीं नाहींत. १९०३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत भूगर्भशास्त्रांतील हिमयुगाचा आधार घेऊन त्यांनीं वेदांतील आर्यांचें मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाकडे ठरविण्याचा प्रयत्न केला. मंडालेच्या तुरुंगांत लिहिलेला गीतारहस्य ग्रंथ १९१५ सालीं निघाला. त्यांत त्यांनीं डार्विन व हेकेल यांचा उत्क्रांतिवाद आणि कपिलाचें सांख्यशास्त्र हीं समोरासमोर ठेविलीं. प्रकृतीपासून गुणांच्या विकासानें क्रमाक्रमानें सृष्टि होते, हें सांख्यांचें मत आधुनिक शास्त्राशीं बरेंच जुळतें असें दाखविलें. आगरकर तेव्हां हयात असते तर आपल्या जुन्या मित्राशीं त्यांनीं यावर खचित भांडण काढलें असतें! पण एक गोष्ट उघड आहे. पुण्यांतील सनातन पक्षाचा सर्वांत मोठा पुढारीही उत्क्रांतीचें नांव काढतांच कानांवर हात ठेवणारा नव्हता.

शाळेंत धर्म शिकवावा कीं नाहीं यावरून पुण्यांत जो सर्वांत मोठा भडका उडाला, त्यांत तर आपलेच लोक मध्यभागीं होते. पंडिता रमाबाईंनीं विधवांसाठीं काढलेलें शारदासदन १८९० सालीं मुंबईहून पुण्यास आलें. मुली बाईंच्या प्रार्थनेस येऊन बसतात, या कारणावरून केसरीनें गहजब केला आणि १८९३ सालीं रानडे, भांडारकर वगैरे सल्लागारांनीं सदनाशीं असलेला संबंध सोडला. बाईंचें म्हणणें असें कीं, आपण सक्ति करीत नाहीं, पण आपल्या खोलीचें दार लावूनही घेणार नाहीं. याच वर्षीं मार्चमध्यें सदनाची विद्यार्थिनी गोदूबाई हिच्याशीं फर्ग्युसन कॉलेजांतील प्रोफेसर धोंडो केशव कर्वे यांनीं पुनर्विवाह केला. अशा विवाहांचा पुरस्कार आगरकर सुधारकांतून सतत करीत आले होते. रमाबाई ख्रिस्ती, कर्वे हिंदु, आगरकर अज्ञेयवादी; एका विधवेच्या नशिबीं सुखाचे दिवस येण्यास तिघांच्या कामाचा उपयोग झाला.

हे जुने वाद संपले असें ज्यांस वाटत होतें त्यांचा भ्रम २०१८ सालीं फिटला. त्या वर्षाच्या जानेवारींत औरंगाबाद येथें एका वैदिक संमेलनाच्या प्रसंगीं केंद्र सरकारचे शिक्षण खात्यांतील त्या वेळचे राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनीं, माकडाचा माणूस होतांना आपल्या पूर्वजांपैकीं कोणीं पाहिला नाहीं, म्हणून डार्विनाचा सिद्धांत खोटा असून तो शाळाकॉलेजांच्या अभ्यासक्रमांतून काढावा, अशा अर्थाचें विधान केलें. देशांतील तिन्ही विज्ञान अकादमींनीं एकत्र पत्रक काढून त्याचा निषेध केला आणि त्या वेळचे शिक्षणमंत्री, पुण्याचे प्रकाश जावडेकर, यांनीं आपल्या सहकाऱ्यास अशीं विधानें टाळण्यास सांगितलें. पुढें २०२३ सालीं दिल्लीच्या एन. सी. ई. आर. टी. च्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकांतून उत्क्रांतीचा भाग गळाला. मुलांवरील ओझें कमी करण्याचें कारण देण्यांत आलें. बारावीच्या पुस्तकांत तो राहिला, पण दहावीनंतर किती मुलें जीवशास्त्र घेतात? अठराशेंहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व इतरांनीं सही करून तो भाग परत घालण्याची मागणी केली. आमच्या खेड्यांतील मराठी शाळांचें पुस्तक मात्र पुण्याची बालभारती काढी. तिनें २०१८ सालीं काढलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागाचा पहिलाच पाठ आनुवंशिकता व उत्क्रांति यांवर होता. खडकांतील जीवाश्म, शरीरांतील निरुपयोगी झालेले अवयव, दोन वर्गांमधील दुवा जोडणारे प्राणी, अशी सर्व माहिती त्यांत होती. याच प्रकारचा झगडा अमेरिकेंत डेटन गांवीं १९२५ सालीं कोर्टापर्यंत गेला होता : उत्क्रांति शिकविल्याबद्दल स्कोप्स नांवाच्या शिक्षकास शंभर डॉलर दंड झाला, तो पुढें कायद्याच्या बारीक मुद्द्यावर रद्द झाला, आणि तो कायदा मोडीत निघण्यास १९६७ साल उजाडलें.

आमचें मत विचाराल तर तें असें. मुलानें तो पाठ पुरतेपणीं शिकावा व परीक्षेंत बरोबर उत्तरें लिहावींत. जें खडकांत सांपडतें तें नाकारून पवित्र शास्त्राची अब्रू राखली जात नाहीं. जीव कसे बदलत गेले हें शास्त्रज्ञ सांगतात. ते कशासाठीं आहेत व कोणाचे आहेत हें त्यांच्या दुर्बिणींत दिसत नाहीं, आणि तें सांगण्याचें काम घरीं व देवळांत आपणांस करावयाचें आहे. तें काम शाळामास्तरावर टाकून मोकळें होणें, ही आपली जुनी खोड आहे. कित्येक वडील पाळकांस हें मत पटणार नाहीं, हें आम्ही जाणून आहों; त्यांच्याशीं आमचें भांडण नाहीं. फक्त ज्या उपदेशकानें तें पुस्तक एकदांही उघडलेलें नाहीं, त्यानें व्यासपीठावरून त्यावर बोलूं नये.

आतां आगरकरांच्या शेवटच्या वर्षांकडे वळूं. १८९० च्या अखेरीस टिळक सोसायटींतून बाहेर पडले. १८९२ सालीं प्रिन्सिपॉल वामन शिवराम आपटे वारले व त्यांच्या जागीं आगरकर नेमले गेले. म्हणजे ईश्वराविषयीं मौन धरणारा मनुष्य पुण्याच्या लोकांनीं काढलेल्या कॉलेजाचा मुख्य झाला. बाहेर त्यांच्यावर शिव्यांचा वर्षाव होतच होता. एकदां तर विरोधकांनीं त्यांची जिवंतपणीं प्रेतयात्रा काढली. तिरडी बांधली, पुतळा केला, बोंबा मारीत मिरवणूक नेली, आणि तो सोहळा त्यांनीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिला. ज्या ख्रिस्ती बंधूंस जातीबाहेर पडतांना आपल्या नांवानें घरांत सुतक धरल्याचें पाहावें लागलें, त्यांस त्या दिवसाची कल्पना होईल. विशेष हें कीं, आगरकर जातींतून फुटून दुसरीकडे गेले नव्हते. मागें कोणता समाज नाहीं, पुढें स्वर्गाची आशा नाहीं, तरी लेखणी खालीं ठेविली नाहीं.

दमा वर्षानुवर्षें वाढत गेला. रात्री बसून काढाव्या, दिवसा कॉलेज पाहावें, मधल्या वेळांत सुधारकाचा मजकूर लिहावा, असें चाललें. पत्नी यशोदाबाई व लहान मुलें, आणि संपत्ति म्हणाल तर कांहीं नाहीं. १७ जून १८९५ रोजीं त्यांचा अंत झाला. वयाचीं एकोणचाळीस वर्षें पुरीं होण्यास महिना कमी होता. केसरींत टिळकांनीं त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. मृत्यूनंतर त्यांच्या उशाशी एक पुरचुंडी सांपडली, असें सांगतात. आपल्या दहनाच्या खर्चासाठीं थोडे रुपये त्यांनीं तींत आधींच बांधून ठेविले होते, कोणास त्रास नको म्हणून.